खिडकीशेजारची राखीव जागा

मागच्या उन्हाळ्यात, कोर्टाला सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, मी पंढरपूरहून सांगोल्याला एस.टी.ने निघाले होते. दिवसभरात माझी चार कामं बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत होती, त्यातल्या तीन कामांना पुढची तारीख पडली होती. काळा कोट घडी घालून मांडीवरच्या फायलींवर ठेवला होता आणि डोळे मिटून बसायचं ठरवलं होतं. पण बसचा पत्रा तापलेला, खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, वारा येत होता तोही चुलीवरून आल्यासारखा. कुणाच्या तरी पिशवीत कैऱ्या होत्या; त्यांच्या चिकाचा आंबट वास आणि डिझेलचा वास एकमेकांत मिसळून गाडीभर भरून राहिला होता. माझ्या शेजारच्या बाकावर नऊवारीतली एक आजी आणि तिचा सात-आठ वर्षांचा नातू. पोरगं नुकतंच वाचायला शिकलेलं असावं, कारण दिसेल ते अक्षर ते मोठ्याने वाचत होतं. दुकानाची पाटी, टँकरवरचं नाव, 'तंबाखू खाऊ नये', 'सुट्टे पैसे द्यावेत'. वाचता वाचता त्याची नजर पुढच्या एका जागेवर गेली. खिडकीच्या वरच्या पत्र्यावर रंगाने लिहिलेली, निम्मी झिजलेली अक्षरं होती. त्याने बोटाने हवेत गिरवत वाचली, "आ-म-दा-र." मग आजीकडे वळून विचारलं, "आज्जे, आमदार यष्टीत बसत्यात?"

आजीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "आमचं बसायचं."

"मग आता का न्हाय बसत?"

आजी काही बोलली नाही. कंडक्टर तिकिटाच्या मशीनमध्ये मान घालून उभा होता, त्याने ऐकलं असावं, पण तो खिडकीबाहेर बघू लागला. मीही काही बोलले नाही. माझा धंदाच प्रश्नाला उत्तर देण्याचा आहे. साक्षीदार गप्प झाला की न्यायाधीश जबानीत तसं लिहून घेतात. त्या दिवशी आम्ही तिघं मोठी माणसं एका पोराच्या सरळ प्रश्नापुढे गप्प बसलो, आणि ती गप्प बसल्याची बोच अजून गेलेली नाही.

आजीचं 'आमचं' म्हणजे कोण, हे सांगोल्याच्या वाटेवरच्या बसमध्ये कुणाला विचारावं लागत नाही. गणपतराव देशमुख. आबासाहेब. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा हा माणूस कायदा शिकून वकिलीच्या निमित्ताने सांगोल्यात आला आणि सांगोल्याचाच होऊन गेला. १९६२ साली, महाराष्ट्र राज्य झाल्यावरच्या पहिल्याच निवडणुकीत, शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा घेऊन विधानसभेत गेला आणि २०१९ पर्यंत, दोन पराभव सोडले तर, तिथेच राहिला. अकरा वेळा निवडून आलेला आमदार. मतदारसंघ तोच, पक्ष तोच. एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण आमच्या भागात आबासाहेबांची ओळख या आकड्याने कुणी सांगत नाही. ती सांगतात बसने. 'माझ्या शेजारी बसले होते', 'स्टँडवर उभे होते', 'मुंबईच्या गाडीत रात्रभर शेजारी होते, पहाटे कळलं'. तालुक्यात घरटी अशी एक गोष्ट आहे. लग्नाच्या पंगतीत, वकिलांच्या बाररूममध्ये, दवाखान्याच्या रांगेत ती निघते आणि सांगणाऱ्याचा चेहरा बदलतो. आपण शेजारी बसलो होतो, हीच त्या माणसाची आयुष्यातली एक मिळकत असते.

माझ्याकडे अशी गोष्ट नाही. मी त्यांना जवळून कधी पाहिलं नाही, कधी एक शब्द बोलले नाही. लहानपणी एकदा सभेत वडिलांच्या खांद्यावरून पाहिलं होतं म्हणतात, पण मला आठवतो तो फक्त कर्ण्याचा खरखराट आणि पायाखालची गरम धूळ. म्हणून ही जी ओढ आहे ती नेमकी कुठून आली याचा मी बसमध्ये उरलेला रस्ता विचार करत राहिले. आणि मला आठवला आमच्या घरातला एक कागद.

आमच्या गावाकडच्या घरात देवळीच्या वर, विठ्ठलाच्या तसबिरीच्या शेजारी, दुसऱ्या एका चौकटीत एक सरकारी कागद लावलेला आहे. कूळकायद्याच्या कलम ३२ म खालचा दाखला. आजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७ ला, कायद्याने ज्याला कृषकदिन म्हटलं त्या दिवशी, ते कसत असलेल्या जमिनीचे मालक मानले गेले. पण कायद्याने मालक मानलं जाणं आणि सात-बाऱ्यावर नाव चढणं यांच्यामध्ये मामलेदार कचेरीच्या पायऱ्या असतात. किंमत ठरायची आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, किमान २० पटीपासून कमाल २०० पटीपर्यंत, आणि आपली जमीन कोणत्या पटीत बसते हे आजोबांना कोण सांगणार? आजोबांना अंगठा तेवढा येत होता. भाकरी फडक्यात बांधून ते पायी तालुक्याला जायचे, दिवसभर कचेरीच्या लिंबाखाली बसायचे, नाव पुकारलं नाही की संध्याकाळी परत. पुढे हप्ते भरले, आणि एक दिवस जांभळ्या शिक्क्याचा तो कागद घरी आला. आज त्याची घडी पडलेली जागा इतकी विरली आहे की काचेमागेही तिथून उजेड दिसतो. कडेला वाळवीने खाल्लेला अर्धचंद्र आहे. आणि त्याच चौकटीत, मागच्या बाजूला, आईने जपून ठेवलेली अर्जाची एक नक्कल आहे. तिच्यावर आजोबांचा अंगठा, आणि अंगठ्याच्या बाजूला वकिलाची सही.

घरात सगळे म्हणतात, सही आबासाहेबांची.

मला सनद मिळाली त्या वर्षी मी ती चौकट उतरवली, खिळे काढले, आणि ती नक्कल उजेडात धरून बघितली. शाई तपकिरी पडलेली. सही घाईतली आहे, पण पहिलं अक्षर 'ग' नाही, हे नक्की. शेवटी जे आहे ते 'देशमुख' होत नाही. त्या काळी तालुक्यात आणखीही वकील असणार. त्यातलाच कुणीतरी, ज्याचं नाव आमच्या घरात कुणाला आठवत नाही. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त नवल वाटलं. साऱ्या तालुक्याने चांगल्या वकिलाची सगळी कामं एका माणसाच्या नावावर चढवली होती. ज्याने कुणी आजोबांची बाजू मांडली तो विसरला गेला. पण त्याचं काम विसरलं गेलं नाही, ते आबासाहेबांच्या खात्यावर जमा झालं. मी कागद परत चौकटीत ठेवला. आईला सहीबद्दल काही सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

वकिलाचं आणि आमदाराचं काम वेगळं, असं आपण धरून चालतो. मला तसं वाटत नाही. पक्षकार समोर येऊन बसतो तेव्हा तो सुरुवात कधीच सुरुवातीपासून करत नाही. तो भावाच्या लग्नापासून सांगतो, विहिरीपासून सांगतो, मध्येच रडतो. त्या गुंत्यातून नेमकी तक्रार काय, ती कोणत्या कलमात बसते, कुणाकडे मागायची, आणि मागताना कोणता शब्द चुकला तर अर्ज फेटाळला जाईल, हे शोधून काढणं म्हणजे वकिली. विधानसभेत तारांकित प्रश्न टाकणारा, लक्षवेधी मांडणारा, अर्थसंकल्पावर कपात सूचना देणारा, औचित्याचा मुद्दा उपस्थित करणारा आमदार याहून निराळं काय करतो? पाझर तलावाची भिंत फुटली, मजुरांचा पगार तीन आठवडे झाला नाही, चारा छावणीत पेंड पोचली नाही. माणूस कळवळून सांगतो, आणि आमदाराने ते नियमांच्या भाषेत बसवून अशा रीतीने विचारायचं असतं की मंत्र्याला 'माहिती घेत आहोत' म्हणून सुटता येऊ नये. आबासाहेबांबद्दल विधानभवनातली जुनी माणसं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: सभागृह सुरू होताना ते जागेवर असत आणि संपेपर्यंत जागेवर असत. बाहेरच्यांना यात काय विशेष असं वाटेल. पण आम्हा वकिलांना कळतं. आपलं काम बोर्डावर कितव्या नंबरला आहे याचा भरवसा नसतो. पुकारा होतो तेव्हा जो हजर असतो त्याच्या पक्षकाराचं काम होतं. जो चहाला गेला त्याचा दावा काढून टाकला जातो. निम्मी वकिली म्हणजे बसून राहणं आहे.

शेतकरी कामगार पक्षाकडे पाहिलं की ही गोष्ट आणखी ठळक दिसते. नाव शेतकऱ्याचं आणि कामगाराचं, झेंडा लाल, पण पुढच्या फळीत वकील किती! उरण-पनवेलचे दि. बा. पाटील वकील, अलिबागचे दत्ता पाटील वकील, एन. डी. पाटीलही कायदा शिकलेले, आणि सांगोल्याचे गणपतराव. दि. बा., गणपतराव, दत्ता पाटील, तिघेही वेगवेगळ्या काळात विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. गणपतराव १९७७-७८ मध्ये. मला यात काही विसंगती दिसत नाही. आपल्याकडच्या कुणब्याची, धनगराची, कोळ्या-आगऱ्याची लढाई शेवटी कागदावर येऊन ठेपते. आधी कुळाची नोंद, मग सात-बारा, मग भूसंपादनाची नोटीस, मग मोबदल्याचा निवाडा. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासई परिसरात, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरलेले पाच जण गोळीबारात गेले. त्या हौतात्म्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना उभी राहिली. रस्त्यावर रक्त सांडलं तेव्हा कुठे कागद हलला, आणि कागद हलवायला कागद वाचणारा माणूस लागला. ज्यांच्या बाजूने कागद वाचणारं कुणी नव्हतं, त्यांच्या जमिनी कशा गेल्या हे मी रोज जुन्या फेरफारांत बघते. पक्षाचे १९७८ साली तेरा आमदार होते आणि २०१४ साली तीन, त्यातले एक आबासाहेब. एवढी गळती डोळ्यांसमोर होताना एक माणूस त्याच बाकावर बसून राहतो, याला हट्ट म्हणायचं की निष्ठा, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल.

वडील मात्र माझ्याइतके हळवे होत नसत. ते शाळामास्तर होते, आबासाहेबांना मत देत होते, आणि तरी दर उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत घागर लावताना म्हणायचे, "माणूस सोन्यासारखा. पण पाणी कुठाय?" हा प्रश्न मला टाळता येत नाही. पन्नासहून अधिक वर्षं एका तालुक्याचं वकीलपत्र घेतलेला माणूस, आणि तालुक्याची ओळख शेवटपर्यंत दुष्काळी. १९७२ चा दुष्काळ मी पाहिला नाही, पण आमच्या घरात तो अजून राहतो. दुष्काळी कामावर मिळायची ती सुकडी म्हटलं की आई आजही तोंड फिरवते. त्या वर्षी खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या हाताच्या घट्ट्यांतून पुढे रोजगार हमीचा कायदा आला. १९७७ साली मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. सरकारने दया म्हणून द्यायचं ते काम मजुराने हक्क म्हणून मागायचं झालं, आणि शहरातल्या नोकरदाराच्या व्यवसाय करातून त्याचे पैसे उभे राहिले. आमच्या भागातले कितीतरी पाझर तलाव, नाला बांध त्या पैशावर झाले. आबासाहेब १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गेले तेव्हा त्यांच्याकडे पणनबरोबर हीच रोजगार हमी आली. मला वाटतं ते खातं त्यांच्याइतकं जवळून दुसऱ्या कुणाला माहीत नसावं. ते कुठल्या मातीतून उगवलं हे त्यांनी पाहिलेलं होतं. २००२ साली पक्षाने सरकारचा पाठिंबा काढला आणि मंत्रिपद गेलं. त्याआधी १९७८ साली, शरद पवारांच्या पुलोद आघाडीच्या सरकारातही, असंच थोडक्या काळाचं मंत्रिपद मिळालं होतं. दोन्ही वेळा लाल दिवा गेला आणि माणूस पुन्हा एस.टी.त बसला, यात आमच्या लोकांना काही अचंबा वाटला नाही. दिवा हाच मधला अपवाद होता.

पण रोजगार हमीने पोट भरतं, तहान भागत नाही. पाण्यासाठी वेगळीच लढाई होती आणि ती फार सावकाश चालली. कृष्णा पाणी तंटा लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टी.एम.सी. (अब्ज घनफूट) पाणी दिलं, ते अडवायला, वापरायला २००० सालापर्यंतची मुदत. कृष्णा वाहते कऱ्हाड-सांगलीकडून, आम्ही बसलो माणदेशाच्या उंचवट्यावर. पाणी आमच्या हक्काचं, पण चढ चढून येणार कसं? १९९३ पासून आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींनी दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवायला सुरुवात केली. गणपतराव त्या मांडवात शेवटपर्यंत होते. वडील दोनदा गेले होते. ते सांगत, की भाषणं ऐकायला लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येत आणि परतताना प्रत्येकाला टी.एम.सी. म्हणजे काय ते कळलेलं असे. कऱ्हाडजवळच्या टेंभूहून पाणी उपसून टप्प्याटप्प्याने वर चढवायची योजना आली. पंप बसले, वीजबिल थकलं, पंप थांबले, पुन्हा सुरू झाले. माण नदीच्या कोरड्या पात्रात पहिल्यांदा कृष्णेचं पाणी आलं तेव्हा बायकांनी हळद-कुंकू वाहिलं, खणा-नारळाने ओटी भरली. एका पिढीने मागितलं आणि दुसऱ्या पिढीच्या पायाला ते लागलं.

याला यश म्हणायचं का? कोर्टात मी असे दावे पाहिले आहेत. वादी मरतो, वारस रेकॉर्डवर येतात, वकील म्हातारा होतो, आणि हुकूमनामा होतो तेव्हा ज्याच्यासाठी दावा लावला तो नसतो. अशा वेळी वारस हुकूमनाम्याची नक्कल घेऊन जातात, पण त्यांच्या तोंडावर आनंद नसतो, थकवा असतो. २०१३ च्या उन्हाळ्यात मी चारा छावण्यांतून हिंडले होते. खिलार बैल, सांगोल्याच्या बाजारात ज्याच्या शिंगांकडे बघून लोक जागचे हलत नसत तसले बैल, शेडनेटच्या फाटक्या सावलीत बरगड्या मोजता याव्यात असे उभे. शेणाचा, वाळक्या उसाच्या वाढ्याचा आणि माणसांच्या स्वयंपाकाचा वास एकत्र. बायका जनावरांसकट तिथेच राहायला आलेल्या. एका बाईने मला विचारलं होतं, "ताई, तुमी लिवनार हाय का आमचं?" मी वकील आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग तर लिवाच." त्या दिवशी मला वडिलांचा राग समजला. भल्या माणसाने पन्नास वर्षं मागितलं आणि तरी जनावरं छावणीत आहेत, तर कमी कोण पडलं? मागणारा? की देणारा बहिरा होता? मला वाटतं देणारा बहिरा होता हेच खरं आहे. पण छावणीत उभं राहून हे उत्तर पुरत नाही.

तरी तालुका मागण्यावरच राहिला असंही नाही. कापूस फारसा न पिकणाऱ्या या भागात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि टिकली. राज्यातल्या किती सूतगिरण्यांची धुराडी थंड आहेत आणि आवारात बाभळी माजल्या आहेत, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना 'टिकली' या शब्दाचं वजन कळेल. भोंगा झाला की सायकलवरून डबे घेऊन निघालेली माणसं, त्यांच्या शर्टाला चिकटलेला पांढरा तंतू, हे माझ्या लहानपणीच्या सकाळचं चित्र आहे. आणि मग डाळिंब आलं. मुरमाड रानात, ठिबकाच्या थेंबावर. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे निघाली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. ज्या स्टेशनावरून आमची माणसं पूर्वी जगायला बाहेर पडली, तिथून आमचा माल बाहेर गेला. आबासाहेब तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचे होते. पुढच्याच एक-दोन वर्षांत खोडकिडीने बागाच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांनी हातांनी लावलेली झाडं जे.सी.बी.ने उपटून बांधावर रचली. ते बघायला आबासाहेब नव्हते. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात ते गेले.

मला त्यांच्या विजयांपेक्षा त्यांचा १९९५ चा पराभव जास्त आठवतो. १९२ मतांनी. आमच्या गल्लीत त्या रात्री कुणाच्या घरात चूल पेटली नाही, असं आई सांगते. मी लहान होते, मला आठवतं ते एवढंच की वडील अंगणात खाटेवर पडून चांदण्यांकडे बघत होते आणि मला गप्प बस म्हणाले होते. एकवीस वर्षं सलग बसलेल्या जागेवरून १९२ माणसं एका माणसाला उठवू शकतात. वकिलाला पराभवाची सवय असते. खटला हरला की तो पक्षकाराला सांगतो, नक्कल मागवू, मुदतीत अपील करू. आबासाहेबांनी तेच केलं. चार वर्षांनी लोकांपुढे पुन्हा उभे राहिले, आणि लोकांनी अपील मंजूर केलं. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं. २०१९ मध्ये त्यांनी वयामुळे थांबायचं ठरवलं. नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी हरला. २०२४ ला दुसरा नातू निवडून आला. घराण्याबद्दल माझ्या मनात शंका आहेत, त्या मी लपवत नाही. पण आबासाहेबांनी मागे ठेवलेलं खरं काय, तर माझ्यासारख्या तालुका कोर्टात वकिली करणाऱ्या माणसाच्या डोक्यात बसलेली एक मोजपट्टी. फी किती घेतली हे विचारण्याआधी काम कुणाचं होतं हे विचारायची ती पट्टी आहे. ती कधी कधी फार टोचते. मागच्या वर्षी एका विधवा बाईचं बांधाचं काम मी नाकारलं. वेळ नव्हता, हे खरं होतं. घरी जाताना विठ्ठलाशेजारची चौकट आठवली, तिच्यातली ती नाव न लागलेली सही आठवली. दुसऱ्या दिवशी बाईला फोन करून बोलावून घेतलं.

त्या पोराला काय सांगायला हवं होतं याचा मी पुष्कळ विचार केला. रस्ते बदलले, गाड्या आल्या, आमदाराला दिवसात चार तालुके गाठायचे असतात, संरक्षण लागतं. हे सगळं खरं आहे. पण पोराने विचारलं होतं ते याबद्दल नव्हतं. त्याला माहीत होतं की मोटारगाड्या असतात. त्याला हे हवं होतं, की आजीच्या शेजारी बसून जाणारा माणूस आता आजीच्या शेजारी का बसत नाही. एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाला आपण टाळू शकत नाही. त्याचं गाठोडं आपल्या पायाशी असतं, त्याची बिडी, त्याचा खोकला, त्याचं पोरगं आपल्या अंगावर कलंडतं. तासाभरात तो सगळं सांगतो. कर्ज, जावई, विहिरीचं पाणी कितव्या हाताला लागलं ते. मुंबईच्या गाडीत तर अख्खी रात्र मिळते. सभागृहात दुसऱ्या दिवशी जो प्रश्न विचारला जातो तो आदल्या रात्री बसमध्ये ऐकलेला असतो तेव्हा त्याचा आवाज वेगळाच लागतो, असं मला वाटतं. माझ्याकडे याचा पुरावा नाही. पण साक्षीदार स्वतः पाहिलेलं सांगतो आहे की ऐकीव, हे उलटतपासाच्या पहिल्या दोन प्रश्नांत कळतं, हे मी पंधरा वर्षं बघते आहे.

त्या दिवशी बस सांगोल्याच्या अलीकडे एका वस्तीच्या फाट्याला थांबायच्या आधी, एक गोष्ट झाली. गाडी बरीच रिकामी झाली होती. ऊन उतरलं होतं, बाभळींच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. पोराने आजीचा हात सोडला, पुढे जाऊन त्या जागेपाशी उभं राहिलं आणि विचारलं, "आज्जे, मी बसू हितं?"

कंडक्टरने मान वर केली. आजी म्हणाली, "बस की. मोकळीच हाय."

ते चढून बसलं. पाय खाली टेकत नव्हते. त्याने दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला आणि खिडकीतून बाहेर बघत मोठ्याने वाचायला लागलं. शाळेची पाटी, पाण्याची टाकी, मग त्यांच्या फाट्याचं नाव. कंडक्टरने दोरी ओढली, घंटी दोनदा वाजली, आणि आजी गाठोडं सावरत उठली.